उजवीकडची गाठ, डावीकडची गाठ

१९९३च्या मे महिन्यात ‘सायन्स’च्या एकाच अंकात मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचे दोन शोधनिबंध छापून आले आणि पुढच्याच महिन्यात ‘नेचर’मध्ये तिसरा. पहिला हेलसिंकी आणि बाल्टिमोरच्या संशोधकांचा, दुसरा मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमधल्या स्टीफन थिबोडो यांचा, तिसरा कॅलिफोर्नियातल्या मानुएल पेरुचो यांच्या गटाचा. तिघांच्याही नजरेला एकच चमत्कारिक गोष्ट पडली होती. आपल्या डीएनएत ठिकठिकाणी एकच अक्षर, किंवा दोन-तीन अक्षरांचा तोच गट, ओळीनं पुन्हा पुन्हा येतो. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. एका माणसाच्या सगळ्या पेशींत अशा एखाद्या जागेची लांबी सारखीच असायला हवी. काही गाठींत मात्र ती कमीजास्त झालेली होती, आणि तीही एकदोन ठिकाणी नव्हे. पेरुचो यांच्या अंदाजानं एकेका गाठीत असे लाखभर बदल होते.

थिबोडो यांनी आणखी एक साधी गोष्ट केली. गाठ आतड्याच्या कोणत्या भागातून काढली आणि रुग्णाचं पुढे काय झालं, हे त्यांनी जनुकीय निकालाच्या शेजारी मांडून पाहिलं. अशा लांबी बदललेल्या, म्हणजे अस्थिर, गाठी बहुतांश उजव्या बाजूच्या निघाल्या आणि त्यांचे रुग्ण इतरांपेक्षा जास्त जगलेले दिसले.

डीएनएतल्या बदलाचा गाठीच्या जागेशी काय संबंध? पुढच्या पानांतली प्रकरणं या प्रश्नाभोवती फिरतात. गाठ कुठे आहे, सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते, तिच्यात बुळबुळीत स्राव किती, तिच्याभोवती लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारक पेशी, जमल्यात की नाही, ती यकृताकडे जाते की पोटाच्या पडद्यावर पसरते, या सगळ्याला पेशीतल्या बिघाडाचा आधार असतो. मात्र तो आधार सरळ एकास एक असा नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे आणि लोकप्रिय लेखनात ती नेहमी गाळली जाते, म्हणून या प्रस्तावनेत तिच्यावर मी जास्त भर देणार आहे.

आधी थोडी शरीररचना. मोठ्या आतड्याच्या अस्तरात लाखो सूक्ष्म खळगे असतात. त्यांच्या तळाशी मूळपेशी असतात. तिथून नव्या पेशी वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत झडून जातात. शरीरात इतक्या वेगानं नूतनीकरण होणाऱ्या जागा थोड्याच आहेत. जितक्या वेळा पेशी विभागते, तितक्या वेळा डीएनएची नक्कल करावी लागते आणि नक्कल करताना चुका होतात. शिवाय हे आतडं भ्रूणावस्थेत एका तुकड्यातून घडत नाही. उजवा भाग भ्रूणाच्या मध्यांत्रातून येतो, डावा भाग आणि मलाशय पश्चांत्रातून. रक्तपुरवठाही वेगवेगळ्या रोहिण्यांचा. दोन्हीकडचे जिवाणू, पित्ताम्लांचं प्रमाण, मलाचा घट्टपणा यांतही फरक असतो. उजवीकडे मल पातळ असतो, पोकळी रुंद असते. म्हणून तिथली गाठ बरीच वाढेपर्यंत अडथळा करत नाही. रुग्ण येतो तो थकवा आणि रक्तक्षयाची तक्रार घेऊन. डावीकडची गाठ लवकर अडवते किंवा लाल रक्त दाखवते.

जनुकांची पहिली सुसंगत कहाणी सांगितली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या बर्ट व्होगेलश्टाइन यांनी. १९८८ साली त्यांच्या गटानं छोटे पॉलिप, मोठे पॉलिप आणि कर्करोग यांतले जनुकीय बदल टप्प्याटप्प्यानं मोजले. १९९० साली एरिक फिअरन यांच्यासह ‘सेल’ या नियतकालिकात त्याचं चित्र मांडलं. सुरुवातीला पाचव्या गुणसूत्रावरचा बिघाड (तिथलं एपीसी हे जनुक १९९१ साली सापडलं), मग के-रास हे जनुक, मग अठराव्या गुणसूत्राच्या एका भागाचा लोप, शेवटी पी-५३. साध्या अस्तरापासून कर्करोगापर्यंत जायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त. एपीसीचं काम म्हणजे बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला आवर घालणं. तो आवर सुटला की खळग्याच्या तळाशी असायला हवा तो ‘विभागत राहा’ हा हुकूम वरच्या पेशींनाही मिळत राहतो. ज्यांना एपीसीचा दोष जन्मतःच मिळतो त्यांच्या आतड्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप येतात आणि आतडं वेळेवर काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ ठरलेला असतो.

हे चित्र इतकं देखणं होतं की वैद्यकाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते शिरलं. माझ्या मते त्यानं थोडं नुकसानही केलं. ते मुख्यतः डावीकडच्या गाठींना लागू पडतं, आणि खुद्द लेखकांनीच म्हटलं होतं की क्रमापेक्षा बदलांची बेरीज महत्त्वाची. पण वाचकांनी क्रम तेवढा पाठ केला.

आता पुन्हा त्या अस्थिर गाठींकडे वळू, कारण बिघाड आणि रूप यांचं नातं सर्वांत स्वच्छ दिसतं ते तिथेच. डीएनएची नक्कल झाल्यावर तिच्यातल्या चुका हुडकून दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीत असतात. छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखं त्यांचं काम. जिवाणूंमध्ये ही यंत्रणा पायरीपायरीनं उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. माणसात या कामातली चार नावं महत्त्वाची: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. यांतलं एखादं बंद पडलं की नकलेच्या चुका तशाच राहतात आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागी त्या सर्वांत जास्त होतात. २०१२ साली ‘कॅन्सर जीनोम ॲटलास’ या अमेरिकी प्रकल्पानं २७६ गाठी तपासल्या. साध्या गाठींत बदलांचा मध्यक ५८ निघाला, आणि उत्परिवर्तनांनी ओसंडणाऱ्या गाठींत ७२८.

मग या गाठी पसरलेल्या, वाईट असायला हव्यात ना? सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसतातही वाईट: पेशींची रचना विस्कटलेली, श्लेष्माची तळी, कधी पेशींचे नुसते थर. जुन्या प्रतवारीनुसार यांना ‘कमी विभेदित’ म्हणजे आक्रमक म्हणायचं. पण रुग्ण जगतात जास्त. याचं उत्तर चुकांच्या स्वरूपात आहे. अक्षरांच्या ओळीत एक अक्षर गळलं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि शरीरानं कधी न पाहिलेलं प्रथिन तयार होतं. टीजीएफ-बीटाच्या ग्राहकाच्या जनुकात दहा ‘ए’ ओळीनं आहेत. अशा गाठींत ती ओळ हमखास बिघडते. ग्राहक निकामी झाल्यानं पेशीची वाढ थांबवणारा इशारा पोहोचत नाही, म्हणजे गाठीचा फायदा होतो. पण त्याच चुकांनी तयार झालेले परके तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि लिम्फोसाइट त्यांना ओळखतात. म्हणून या गाठींच्या पेशींमध्ये लिम्फोसाइट शिरलेले दिसतात, कडेला त्यांचे पुंजके दिसतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात जेरेमी जास यांनी १९८७ साली मलाशयाच्या गाठींची जी प्रतवारी मांडली, तिच्यात गाठीभोवतीच्या लिम्फोसाइटना चांगल्या भवितव्याची खूण मानलं होतं. तेव्हा मायक्रोसॅटेलाइटचं नावही या आजाराशी जोडलेलं नव्हतं. याच रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली टप्प्यांची पद्धत बसवली होती. स्लाइड बघणाऱ्यांनी बरंच आधी पाहिलं होतं, कारण नंतर कळलं.

लिम्फोसाइट आणि गाठ यांच्यातल्या या लढतीचा पुरावा आकड्यांतही आहे. दुसऱ्या टप्प्यातल्या साधारण पाचांतली एक गाठ अशी अस्थिर असते. शरीरभर पसरलेल्या आजारात हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येतं. म्हणजे त्यांतल्या फार थोड्या पसरण्यापर्यंत पोहोचतात. आणि दुसऱ्या टप्प्यातल्या अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर एकटं ५-एफयू हे जुनं औषध देऊन फायदा होत नाही, म्हणून तिथे रिपोर्ट आधी आणि केमोथेरपीचा निर्णय नंतर. ज्या गाठी तरीही पसरतात त्यांनी लिम्फोसाइटना थोपवण्याची तजवीज केलेली असते. ती तजवीज मोडणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध २०१५ साली या गटात प्रभावी दिसलं, आणि २०१७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती कोणत्याही एका अवयवाच्या नावानं नव्हे, तर या बिघाडाच्या नावानं. तसं पूर्वी घडलं नव्हतं. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून मलाशयाच्या अशाच गाठींच्या १२ रुग्णांचा वृत्तान्त आला. फक्त डॉस्टारलिमॅब हे तशाच प्रकारचं औषध दिलं. शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाही, आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी ‘कर्करोगावर रामबाण औषध’ असे मथळे दिले. मलाशयाच्या गाठींत हा बिघाड शंभरात पाच-दहांपलीकडे जात नाही, हे त्या मथळ्यांखाली क्वचितच छापलं गेलं.

ही यंत्रणा बंद पडण्याचे दोन रस्ते आहेत. एक जन्मजात, ज्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे १८९५ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं ऑल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला सांगितलं की आपल्या घरात सगळे कर्करोगानं जातात, आपणही जाऊ. ती खरंच गर्भाशयाच्या कर्करोगानं गेली. वॉर्थिन यांनी त्या घराण्याचा वंशवृक्ष १९१३ साली ‘जी’ या अक्षरानं छापला. १९६०च्या दशकात नेब्रास्कातल्या ओमाहाचे हेन्री लिंच अशीच घराणी गोळा करत होते. ‘हे आनुवंशिक नाही, योगायोग आहे’ असं ऐकत त्यांनी बरीच वर्षं काढली. १९९३ साली एमएसएच२ सापडलं, पुढच्या वर्षी एमएलएच१, आणि २००० साली त्या जी घराण्याचा दोष एमएसएच२मध्येच निघाला. मला या कहाणीत सर्वांत बोलकी वाटते ती वेगळीच नोंद: त्या घराण्याच्या आधीच्या पिढ्यांत जठराचे कर्करोग जास्त होते, पुढच्या पिढ्यांत मोठ्या आतड्याचे. दोष तोच, रक्त तेच; बदलला तो अवयव, अमेरिकेतल्या एकूण जठराच्या कर्करोगाचं प्रमाण घटत गेलं तसतसा.

दुसरा रस्ता जास्त वापरातला आहे, आणि तिथे एमएलएच१ तुटत नाही. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चढतात आणि जनुक गप्प होतं. हे सहसा वयस्कर माणसांत, त्यातही स्त्रियांत, उजवीकडे घडतं आणि त्याच्यासोबत बहुधा बी-राफ या जनुकातला बदल असतो. या गाठींची सुरुवात नेहमीच्या पॉलिपातून होत नाही. त्या येतात दातेरी पॉलिपातून: चपटा, फिकट, वर श्लेष्माचा थर. कोलोनोस्कोपीत तो धुऊन पाहिला नाही तर नजरेतून सहज सुटतो. कित्येक वर्षं त्याला निरुपद्रवी समजून रिपोर्टात एका ओळीत निकालात काढत. १९९०च्या दशकात त्याच्याकडे नव्यानं पाहणं सुरू झालं. बी-राफमधला बदल सापडला आणि एमएलएच१ गप्प असलं, तर लिंच सिंड्रोम जवळजवळ नाकारता येतो. म्हणजे हीच एक तपासणी त्या घरातल्या मुलाबाळांना पुढच्या तपासण्यांच्या फेऱ्यातून सोडवते.

बी-राफची गोष्ट इथे संपत नाही. बदल बहुतेक वेळा एकच: प्रथिनाच्या ६००व्या जागेवरचं व्हॅलिन जाऊन तिथे ग्लुटामेट येतं. अस्थिर गाठीत हा बदल असला तर रुग्णाचं भवितव्य फारसं बिघडत नाही. स्थिर गाठीत तोच बदल या आजारातल्या सर्वांत वाईट खुणांपैकी एक. आणि तोच बदल त्वचेच्या मेलॅनोमात असतो, तेव्हा २०११ साली मान्य झालेलं वेमुराफेनिब अर्ध्याच्या आसपास रुग्णांत गाठी आकसवतं. आतड्याच्या गाठींवर तेच औषध जवळपास निष्प्रभ ठरलं. २०१२ साली ॲमस्टरडॅमच्या रेने बर्नार्ड्स यांच्या गटानं कारण दाखवलं. आतड्याच्या पेशीत बी-राफ दाबलं की ईजीएफआर हा ग्राहक उसळून उठतो आणि वाढीच्या इशाऱ्याचा मार्ग पुन्हा सुरू होतो. मेलॅनोमाच्या पेशीत तो ग्राहक फारसा नसतोच. म्हणून दोन्ही एकदम दाबायचे. एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब यांची जोडी २०२० साली मान्य झाली ती त्यावरून. जनुकाचं नाव वाचून उपचार लिहिता येत नाहीत, ते जनुक कोणत्या पेशीत बसलंय हेही वाचावं लागतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

के-रासबद्दल थोडक्यात. सुमारे ४० टक्के गाठींत त्यात बदल असतो आणि स्लाइड पाहून तो ओळखता येत नाही. सेटुक्सिमॅब २००४ साली बाजारात आलं तेव्हा गाठीवर ईजीएफआर दिसतो का एवढं पाहून ते दिलं जाई. ती खूण निरुपयोगी निघाली. के-रास बदललेल्या रुग्णांना औषधाचा फायदा होत नाही हे २००८ साली पक्कं झालं. तोवर महागडं औषध आणि त्वचेवरचे त्रासदायक पुरळ अनेकांनी विनाकारण सोसले. आणि के-रास शाबूत असूनही उजवीकडच्या गाठींना या औषधाचा पसरलेल्या आजारात फारसा उपयोग होत नाही, डावीकडच्यांना होतो. म्हणजे सगळी जनुकं वाचून झाल्यावरही ‘गाठ कोणत्या बाजूला?’ हा जुना प्रश्न शिल्लक राहतोच. २०१५ साली अनेक गटांनी मिळून गाठींचे चार रेणवीय प्रकार ठरवले. अभ्यासाला ते फार उपयोगी आहेत, पण दवाखान्यात अजून कोणी त्यावरून औषध लिहीत नाही, म्हणून मी इथे थांबत नाही.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे आणि त्याची दखल परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. भारतात या कर्करोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बरंच कमी. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिथे ते आणखी कमी दिसलं. पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं, मलाशयाच्या गाठींचा वाटा मोठा होता, आणि ‘सिग्नेट रिंग’ प्रकार दहा टक्क्यांच्या वर. पाश्चात्त्य देशांत तो एका टक्क्याच्या आसपास असतो. या पेशींत श्लेष्मा आतच साठतो, केंद्रक कडेला ढकललं जातं आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. हा आजार पोटाच्या पडद्यावर पसरतो, यकृतात गोल गाठी करत नाही, त्यामुळे स्कॅनमध्येही उशिरा दिसतो. श्लेष्मा दिसला म्हणजे दुरुस्तीचा बिघाड असणार, असा तर्क इथे चालत नाही. तरुणांमधल्या मलाशयाच्या या गाठी बहुतेक स्थिर असतात. पाश्चात्त्य रुग्णांवरून बसवलेले आडाखे आपल्या रुग्णांना लावताना हात आखडता घ्यायला हवा तो याचसाठी. त्यात मलावाटे रक्त गेलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलमावर आणि काढ्यांवर काही महिने जातात. तिशीतल्या माणसाला कोलोनोस्कोपी सुचवायला डॉक्टरही कचरतात.

तपासणीचं अर्थकारण हा या पुस्तकातला माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग. शेकडो जनुकांचं पॅनल करायला हजारो रुपये लागतात. पण दुरुस्तीच्या चार प्रथिनांची तपासणी साध्या मेणाच्या ब्लॉकवर होते. प्रथिन असलेलं केंद्रक तपकिरी दिसतं, नसलेलं निळं. गाठीच्या पेशी निळ्या आणि शेजारचे लिम्फोसाइट तपकिरी, असं दिसलं की रंग नीट चढलाय आणि प्रथिन खरोखरच नाही, हे एकाच नजरेत कळतं. एमएलएच१ गेलं की त्याचा जोडीदार पीएमएस२ही टिकत नाही, म्हणून दोघं एकत्र गायब होतात. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे नातेवाईक तो ब्लॉक रुमालात बांधून मुंबई-पुण्याला घेऊन येतात. फॉर्मालिनमध्ये गाठ जास्त दिवस राहिली असेल किंवा फॉर्मालिनच नीट नसेल, तर रंग चढत नाही आणि पुढचं सगळं अडतं. जनुकशास्त्राच्या चर्चेत फॉर्मालिनची बाटली कोणी काढत नाही. या पुस्तकाच्या लेखिकेनं ती काढली, तिला एक पूर्ण प्रकरण दिलं, याबद्दल तिचे आभार मानायला हवेत.

शेवटचं प्रकरण ॲस्पिरिनवर आहे. २०१२ साली बोस्टनच्या संशोधकांना दिसलं की पीआयके३सीए या जनुकात बदल असलेल्या गाठींच्या रुग्णांनी ॲस्पिरिन घेतलं तर ते जास्त जगतात. ते निरीक्षण होतं, प्रयोग नव्हता. स्वीडनच्या पुढाकारानं उत्तर युरोपातल्या देशांत प्रयोग झाला. या जनुकात किंवा त्याच्या संदेशमार्गात बदल असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी दिली. २०२५ साली निकाल छापून आला: आजार परतण्याचं प्रमाण ॲस्पिरिननं निम्म्याच्या जवळपास आलं. तपासलेल्या गाठींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गाठींत हे बदल होते. ही गोळी आपल्याकडे कोणत्याही औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळते. ती कोणाला द्यायची हे सांगणारी तपासणी तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत कोण आणि कोणत्या खर्चानं नेणार, याचा हिशेब लेखिकेनं त्या प्रकरणात मांडला आहे.